आज बबन कोण?

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाचे दिवस सुरू झाले की माझ्या खिडकीसमोर सकाळपासून रांग लागते. खिडकी उघडण्याआधी त्या रांगेत माणसांपेक्षा वस्तूच जास्त उभ्या असतात. पाण्याची बाटली, हेल्मेट, एखादी छत्री, एकदा तर कुणाची तरी एकच चप्पल. मालक कँटीनमध्ये. गेल्या वर्षी एका मुलीनं त्यातली बाटली पायानं बाजूला सरकवली, तर मागून एक पोरगा ओरडत आला, "ए, तो माझा बबन आहे! हलवायचा नाही हां."

सगळे हसले. मुलगीही हसली आणि म्हणाली, "मग तुझ्या बबनला सांग, नीट उभा राहा म्हणावं."

मी खिडकी धाडकन बंद केली. शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, सर्व्हर डाऊन आहे. सर्व्हर चांगला ठणठणीत चालू होता.

त्या पोराला हा शब्द कुठून आला हे माहीत असायचं काही कारण नाही. त्याच्या लेखी बबन म्हणजे आपली जागा धरून ठेवणारी वस्तू. मला माहीत आहे, कारण बबन माझे वडील. इथे मी दुसऱ्या कुणाचं नाव घेणार नाही. हे एक घेतलं तेवढं पुरे, आणि तेही आता आमच्या घरचं राहिलेलं नाही.

आपल्या भाषेला साध्या माणसांच्या नावांची फार हौस. हवालदार दिसला की पांडू. कुणीही उपटसुंभ आला की सोम्यागोम्या. मोबाइलवर विनोद आला की मास्तरांचा मार खायला त्यात गण्या नाहीतर बंड्या ठरलेला. कुणा बागाईतदाराच्या किंवा साहेबाच्या नावाचा असा शब्द झालेला मला अजून भेटायचाय. मोठ्या माणसांच्या नावाचे चौक होतात, आमच्या नावांचे शब्द होतात. चौकाला निदान वर्षातून एकदा हार तरी घालतात.

आम्ही तेव्हा पिंपळगाव बसवंतला भाड्याच्या खोलीत राहायचो. वडलांना मी आण्णा म्हणायचे. आण्णा एका द्राक्ष व्यापाऱ्याकडे टेम्पोवर होते. माल भरायचा, मालाबरोबर जायचं, उतरवून परत यायचं. ड्रायव्हरच्या शेजारची जागा त्यांची. या कामात एक रिवाज होता, अजूनही असेल. वाटेत चहाला, जेवायला गाडी थांबली की एकानं मालापाशी बसायचं. बाकीच्यांनी खाऊन यायचं, मग त्यानं जायचं. आळीपाळीनं बसायचं असतं, पण आण्णा कधी पाळीची वाट बघायचे नाहीत. "तुम्ही जा, मी हे इथं," एवढं म्हणून ते टेम्पोच्या सावलीला टेकायचे. सगळ्यांना ते सोयीचं होतं.

दुसरा रिवाज खाण्याचा. भरताना एखादा घड तुटून खाली पडला तरी हमालानं तो तोंडात टाकायचा नाही. मालकानं आपल्या हातानं दिला तर खायचा. पुष्कळ जण हा रिवाज मालकाची पाठ फिरेपर्यंतच पाळायचे. आण्णा पाठ फिरल्यावरही पाळायचे. याला कुणी प्रामाणिकपणा म्हणतं, कुणी येडेपणा. आई दुसऱ्या पक्षाची होती.

मी तेव्हा दुसरीत होते. द्राक्षाचा हंगाम ऐन भरात होता आणि आईचे दिवस भरत आले होते. मला भाऊ होणार की बहीण यावर शेजारणींची पैज लागली होती. त्या दिवशी वाशीच्या मार्केटला माल घेऊन जाताना आण्णा म्हणाले होते, उद्या दुपारपर्यंत येतो.

कसारा घाटात टेम्पोचा एक्सल तुटला. ड्रायव्हर म्हणाला, तू माल बघ, मी फिटर घेऊन आलोच, आणि समोरून आलेल्या एका ट्रकमध्ये बसून गेला. तो काही आला नाही. पुढे कळलं ते असं, की त्याला फिटर मिळाला नाही, मग तो दारूच्या गुत्त्यावर बसला, आणि शुद्धीवर आल्यावर मालक आता आपल्याला सोलणार या भीतीनं थेट त्याच्या गावी पळाला. व्यापाऱ्याला वाटलं माल पोचला. वाशीच्या लोकांना वाटलं माल निघालाच नाही. मोबाइल तेव्हा फक्त मालकांकडे होते, आणि ते एकमेकांना हिशेबाच्या दिवशीच फोन करायचे.

आणि आण्णा बसले. ताडपत्री काढून द्राक्षांचे कॅरेट सावलीच्या बाजूनं लावले, वर ओली गोणपाटं टाकली. घाटात माकडं फार. त्यांनी एक काठी तोडून घेतली आणि दिवसभर माकडं हाकलली. येणारे-जाणारे पाणी द्यायचे, कुणी भाकरी दिली. एका ट्रकवाल्यानं म्हटलंही, चल, तुला नाशकाला सोडतो, माल काय पळून जातोय? आण्णा म्हणाले, ड्रायव्हर येईल. दुसऱ्या दिवशी द्राक्षं मऊ पडायला लागली. तिसऱ्या दिवशी कॅरेटखालून पाणी गळायला लागलं आणि गांधीलमाश्यांचं मोहोळच्या मोहोळ वर घोंगावायला लागलं. आण्णा आता माश्या हाकलत होते.

ओळखीच्या एका कांद्याच्या ट्रकवाल्यानं त्यांना पाहिलं आणि पिंपळगावला येऊन सांगितलं, तेव्हा व्यापारी जीप घेऊन गेला. आण्णा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "एक कॅरेट हलला नाय, शेठ. फक्त माकडांनी थोडी नेली."

व्यापाऱ्यानं आधी कपाळावर हात मारून घेतला आणि मग जो हसायला लागला तो पिंपळगावपर्यंत हसत आला म्हणे. "अरे येड्या, सडायलाच लागली होती तर खायची तरी होतीस!"

"तुमचा माल कसा खाऊ?" आण्णा म्हणाले.

हे शेवटचं वाक्य बाजारात पोचायला संध्याकाळसुद्धा लागली नाही.

आण्णा घरी आले तेव्हा माझ्या भावाला पुरून आलेली माणसं ओट्यावर बसली होती. आईला आदल्या दिवशी पहाटे कळा सुरू झाल्या. शेजारच्यांनी दवाखान्यात नेली. मुलगा झाला आणि संध्याकाळी गेला. तो फारच अशक्त होता, कुणाच्या हातात काही नव्हतं, असं सगळेच म्हणाले. मला आठवतो तो आण्णांच्या कपड्यांचा वास. आंबूस, गोड, सगळ्या खोलीभर. आईनं तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर मरेपर्यंत तिनं द्राक्ष तोंडात घातलं नाही, आणि पिंपळगावात राहून द्राक्ष न खाणं काय असतं ते पिंपळगावात राहिलेल्यालाच कळेल.

बाजाराला या दोन्ही गोष्टी कळल्या होत्या. पण एकीवर हसता येत होतं, म्हणून तीच टिकली.

पहिल्यांदा नुसती चेष्टा होती. जेवायला गाडी थांबली की कुणीतरी विचारायचं, "आज बबन कोण?" म्हणजे आज मालापाशी कोण बसणार. मग "बबन बसवणे" आलं, म्हणजे एखाद्याला आलोच सांगून बसवून ठेवणे आणि विसरून जाणे. ज्याला बसवला त्याचा "बबन झाला". मध्येच उठून लघवीला गेला तर तो "कच्चा बबन". सडका माल परत आला की "बबनचा माल". लग्नाचा शब्द देऊन मुलगी दुसरीकडेच गेली तर त्या नवरदेवाचाही बबन झाला. पुढे टेम्पोवाल्यांबरोबर हा शब्द हायवेनं नाशकात उतरला, रिक्षा स्टँडवर गेला, तिथून पोरांच्या तोंडी. शेवटी माणूसही गळाला, बाटली राहिली.

आईला हा शब्द सहन व्हायचा नाही. किराणा दुकानात कुणी बोललं तर ती सामान तिथंच टाकून यायची. रागावली की ती एकच वाक्य बोलायची, आणि ते मी इतक्यांदा ऐकलंय की तिचा श्वास कुठं तुटायचा तेसुद्धा सांगू शकेन. "तुझा बाप समद्या गावाच्या मालापाशी बसला, माझ्या बाळंतपणाला नाय बसला. घर म्हणून काय असतं हे त्या माणसाच्या मनातबी नव्हतं आलं." आण्णा हे ऐकायचे. बाहेर जाऊन ओट्यावर बसायचे. त्यांचं ते गप्प बसणं बघून मलाही वाटायचं, आई म्हणते ते खरंच असेल.

आण्णांना मात्र त्या शब्दाचं काही वाटत नसे. किंवा वाटत असे, पण उलटंच. माझं लग्न झाल्यावर एकदा आम्ही दोघं नाशकात द्वारकेच्या चौकात बससाठी उभे होतो. शेजारी दोन टेम्पो लागलेले. एक ड्रायव्हर दुसऱ्याला म्हणाला, "चल मिसळ मारू. बबन कोण?" आण्णांनी माझी बाही ओढली. "ऐकलं का? आपलं नाव." चेहरा असा उजळलेला, की मला त्यांची कीव आली आणि कीव आली म्हणून राग आला. मी अडवायच्या आत ते त्या दोघांपाशी गेले. म्हणाले, "तो बबन मीच."

ड्रायव्हरनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "जाऊ द्या ना बाबा. बबन काय खरा माणूस हाय का?"

"खराच हे. कसाऱ्याच्या घाटात—"

"अहो, ते असंच बोलायचं असतंय. बसा तिकडं सावलीला."

आण्णा हसत परत आले. बसमध्ये खिडकीपाशी बसल्यावर म्हणाले, "पटलं नसंल त्यांना." मी म्हटलं, सोडा हो. त्यांनी सोडलं. आयुष्यात त्यांनी एवढं एकच सोडलेलं मला आठवतं.

आई गेली तेव्हाही ते शीतगृहाबाहेर कुणाच्या तरी बेदाण्यांपाशी बसले होते. आईला अटॅक आला आणि सगळं पाच-दहा मिनिटांत आटोपलं. निरोप गेला तर म्हणाले, दुसरा माणूस आला की निघतो. मी त्या दिवशी त्यांच्याशी एक शब्दही बोलले नाही. आईची मात्र मला फार दया आली, की तिचं ते वाक्य शेवटपर्यंत खरंच ठरलं.

नंतर मी त्यांना इंदिरानगरला माझ्या फ्लॅटवर आणलं. तोवर डोकं साथ सोडायला लागलं होतं. आधी वार विसरले, मग जावयाचं नाव, मग माझं. मला ते "बाई" म्हणायला लागले, परक्या बाईला म्हणतात तसं, अदबीनं. बसायचं मात्र विसरले नाहीत. सकाळी चहा झाला की खाली उतरून बिल्डिंगच्या गेटपाशी बसायचे. गेटवर काही ना काही असतंच. कुणाची गोणी, गॅसची टाकी, भाजीवाल्याची गाडी. जे असेल त्याच्यापाशी ते बसायचे, आणि मालक येऊन ते उचलेपर्यंत जेवायलाही वर यायचे नाहीत.

सोसायटीला फुकटचा राखणदार मिळाला. "बाबा, जरा बघा हां, आलोच." मी भांडले. मीटिंगमध्ये भांडले, व्हॉट्सअॅप ग्रुपवर भांडले, वॉचमनशी भांडले. लोक म्हणायचे, अहो मॅडम, त्यांचाही वेळ जातो. माझ्या वडलांचा वेळ घालवायला मी यांच्या गोण्या मागितल्या होत्या का? ताट खाली नेऊन मी त्यांच्या हातात द्यायचे, तर आधी विचारायचे, "बाई, हे मालातलं नाय ना?" मी म्हणायचे, नाही, घरचं आहे. मग खायचे.

गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं. त्या गृहस्थांनी लोखंडी कपाट आणि गाद्या गेटबाहेर उतरवल्या, आण्णांना "बघा, आलोच" म्हणाले आणि उरलेलं सामान आणायला गेले. द्वारकेला वाहतूक तुंबली होती, त्यात त्यांचा टेम्पो अडकला. मी ऑफिसातून आले तेव्हा आण्णा उन्हात, कपाटाला पाठ लावून बसलेले होते. लोखंड हात लावता येत नव्हता असं तापलेलं. चार पावलांवर गुलमोहराची सावली. तिथून कपाट दिसलंही असतं. मी हाक मारली तर मान हलली, पण डोळे उघडले नाहीत.

ते गृहस्थ दवाखान्यात आले, हात जोडून उभे राहिले. "मी आलोच म्हणून सांगून गेलो होतो हो," असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी त्यांना घालूनपाडून बोलले. पण खरं सांगायचं तर मला त्यांचा राग येत नव्हता. असा "आलोच" म्हणणारा माणूस आण्णांना जन्मभर भेटतच आला होता, हे फक्त त्यातले शेवटचे.

उन्हानं तब्येत जी ढासळली ती सावरलीच नाही. डॉक्टर नीट बोलायचे, पण नजर चुकवून बोलायचे. मी रजा टाकून पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून असायचे. आण्णा बराच वेळ ग्लानीत असत, मधूनच जागे होत. जागे झाले की हातानं चादरीवरून काहीतरी हाकलत. माश्या असाव्यात.

एका दुपारी ते असे जागे झाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, ड्रायव्हर दिसला का कुठं?"

नर्सनं शिकवलं होतं की ते म्हणतील त्याला हो म्हणायचं. मी म्हटलं, "येतोय. वाटेत आहे."

"लवकर यायला पायजे. मला घरी जायचंय." त्यांनी उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "घरी मंडळी भरल्या दिवसांची हे. काल निघतानाच तिचं अंग जड वाटत होतं. इथनं सुटतो कधी आन जातो कधी असं झालंय मला."

मी त्यांचा हात धरला होता तो तसाच राहिला. इतक्या वर्षांत घाटाबद्दल ते खूप बोलले होते. माकडांबद्दल, माश्यांबद्दल, शेठच्या हसण्याबद्दल. हे कधीच बोलले नव्हते. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती तेव्हा नाही, आई वाक्य फेकायची तेव्हा नाही. आता बोलले, तर जिला सांगायचं ती नव्हती, आणि जिला सांगत होते ती त्यांची कुणीच नव्हती. ते तीन दिवस काठी घेऊन माकडं हाकलत होते आणि मनातून घरीच निघालेले होते, आणि तरी उठले नव्हते. मला रडू फुटलं. रागानंच फुटलं असं मला अजून वाटतं. अहो, उठायचं होतं. कुणाची द्राक्षं, कुणाचा टेम्पो, उठायचं होतं आण्णा!

पण हे त्यांना सांगून आता काय उपयोग होता? म्हणून मी डोळे पुसले आणि म्हटलं, "बाबा, तुम्ही जा घरी. तुमच्या जागी मी बसते मालापाशी."

त्यांनी मला नीट पाहून घेतलं. माल सोपवायचा तर माणूस पारखून घ्यावा लागतो.

"जमल तुला? माकडं लय हेत इथं."

"जमेल."

"आन मालाला हात लावायचा नाय."

"नाही लावत. तुम्ही निघा. मंडळी वाट बघत असेल."

त्यांच्या चेहऱ्यावर एकदम हलकं काहीतरी आलं. पांघरुणाखाली पाय हलले. मला वाटलं, आता निघाले. मग ते थांबले. माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्राकडे त्यांची नजर गेली, तिथून माझ्या चेहऱ्यावर आली, आणि ते हलकं जे आलं होतं ते हळूहळू उतरलं.

"नको," ते म्हणाले. "तुझ्याबी घरी कोणी वाट बघत असंल. बाईमाणसाला असं बसवून जाणं बरं नाय. तू जा पोरी. मी हे इथं."

मी म्हटलं, माझ्या घरी कोणी वाट बघत नाही, तुम्ही खरंच जा. दोनदा म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि चादर सारखी केली, कॅरेटवरची ताडपत्री सारखी करावी तशी.

दोन दिवसांनी, सकाळी, ते गेले. मी शेजारीच होते. तोपर्यंत ते मला रोज एकदा तरी घरी जायला सांगत होते, आणि स्वतः मात्र कुणीतरी यायची वाट बघत होते.